लिंकनच्या आडनावामागे: हिंगम ते शायलो

अब्राहम लिंकनला त्याच्या घराण्याबद्दल फार थोडं माहीत होतं. १८४८ साली तो काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत होता तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमच्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांनी पत्र पाठवून त्याच्या पूर्वजांची चौकशी केली. त्यावर त्याने जे उत्तर दिलं त्यात वडील थॉमस, आजोबा अब्राहम, आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीला गेले आणि तिथे मारले गेले, पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियाला आले अशी एक पुसटशी आठवण घरात सांगतात, ते बहुतेक क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) असावेत, एवढंच आहे. त्याच्या मागचं काही कधी कानावर आलं नाही असं त्याने सरळ लिहिलंय.

हे पत्र मला बाबांनी दाखवलं. बाबा सांगलीला शाळेत इतिहास शिकवायचे, रिटायर झाल्यावर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत करायला घेतला आणि गावोगाव फिरून जुने फेरफार, मोडीतली कागदपत्रं, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या सगळं बघितलं. त्यामुळे न्यूजर्सीला माझ्याकडे आले तेव्हा नायगारा वगैरे नको, लिंकनचे पूर्वज जिथे जिथे राहिले तिथून तिथून जाऊयात म्हणाले. आपल्याकडे लिंकन म्हटलं की शाळेच्या भिंतीवरचं ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र आठवतं, ते त्याने लिहिल्याचा काहीच पुरावा नाहीये. पण घराण्याची चौकशी करणारी पत्रं त्याची स्वतःची आहेत, खरी आहेत, आणि ती आपल्यापैकी जवळपास कोणीच वाचलेली नसतात. बाबांचं म्हणणं, त्याला जे माहीत नव्हतं ते आज आपल्याला माहीत आहे, तर बघून घेऊया. नवऱ्याने सुट्टी टाकली, गाडी काढली.

शनिवार, हिंगम

सकाळी लवकर निघालो, बोस्टनच्या अलीकडे ट्रॅफिक लागला पण दुपारच्या आत पोचलो. हिंगम बोस्टनच्या दक्षिणेला समुद्राकाठी आहे, छान जुनं गाव, पांढरी लाकडी घरं, मोठी झाडं. १६३५ मध्ये वसलं आणि वसवणारे बरेचसे लोक इंग्लंडमधल्या नॉरफकच्या हिंगमचे, म्हणून नावही तेच. तिकडचे पाद्री रॉबर्ट पेक प्युरिटन विचारांचे (म्हणजे चर्च अजून साधं, शुद्ध करा म्हणणारे), त्यांचं बिशपशी वाजलं आणि शेवटी तेही गावातल्या लोकांच्या मागोमाग इकडे आले.

लिंकनचा मूळपुरुष सॅम्युएल लिंकन १६३७ मध्ये आला. नॉर्विचच्या फ्रान्सिस लॉज नावाच्या विणकराकडे उमेदवारी करत होता, मालकाबरोबरच जहाजात बसला. जहाजाच्या यादीत त्याचं वय १८ लावलंय, पण बाप्तिस्म्याची नोंद २४ ऑगस्ट १६२२ ची आहे, म्हणजे पोराला पंधरावं पण पूर्ण झालेलं नव्हतं बहुधा. त्याच्या भावांनी, थॉमस आणि डॅनियलने, हिंगममध्ये आधीच बस्तान बसवलं होतं.

आणि इथे खरी गंमत सुरू होते, कारण त्या पहिल्या पिढीत हिंगममध्ये थॉमस लिंकन नावाची चार माणसं होती! सगळ्यांचं आपसात नातं होतं असंही नाही. मग गावाने त्यांना धंद्यावरून ओळखायला सुरुवात केली, थॉमस लिंकन विणकर, थॉमस लिंकन पिंपवाला (म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा), थॉमस लिंकन गिरणीवाला आणि थॉमस लिंकन शेतकरी. सरकारी कागदात सुद्धा तसंच. यातला विणकर तो सॅम्युएलचा भाऊ. वॉशिंग्टनच्या सैन्यातला जनरल बेंजामिन लिंकन, ज्याने १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिशांची शरणागतीची तलवार घेतली, तो पिंपवाल्याचा वंशज, त्यामुळे आडनाव एक, गाव एक, पण घराणं वेगळं. बाबा एकदम खूश झाले, म्हणाले, "अगं, हे आपल्या गावच्या चार गोविंदांसारखंच की!"

आडनावाबद्दल थोडं इथेच सांगते. लिंकन हे इंग्लंडमधल्या शहराचं नाव आहे. तिथल्या तळ्यावरून आधी लिंडम म्हणायचे, मग रोमन लोकांनी निवृत्त सैनिकांची वसाहत केली म्हणून लिंडम कोलोनिया, आणि ते बोलून बोलून झिजत लिंकन झालं. तिथून जो दुसऱ्या गावी गेला त्याला लोक लिंकनचा म्हणायला लागले, म्हणजे आपल्याकडे नाशिककर, पंढरपूरकर होतात तसंच अगदी. आणि पंढरपूरकर काही सगळे भाऊबंद नसतात, त्यामुळे हिंगमच्या सगळ्या लिंकन मंडळींचं मूळ एकच असेल असं धरून चालता येत नाही. स्पेलिंगला तर धरबंदच नाही, सॅम्युएल जहाजाच्या यादीत लिंकॉर्न आहे, पुढे केंटकीत लिंकहॉर्न होतं. आडनाव कोणी स्वतः लिहायचंच नाही, कारकुनाला जसं ऐकू येईल तसं तो लिहायचा.

ओल्ड शिप चर्च बघितलं, १६८१ चं लाकडी प्रार्थनाघर, आतून छत उलट्या जहाजासारखं दिसतं. प्युरिटन लोकांनी सतराव्या शतकात बांधलेलं अमेरिकेत एवढं एकच उभं राहिलंय. सॅम्युएल १६९० मध्ये गेला, म्हणजे शेवटची काही वर्षं तो याच इमारतीत येऊन बसलेला असणार.

बाबांनी गाडीत बसल्यावर एक गोष्ट सांगितली ती मला पूर्ण ट्रिपभर पुरली. सॅम्युएलचे आजोबा रिचर्ड लिंकन इंग्लंडमध्ये बऱ्यापैकी जमीनदार होते, त्यांनी चार लग्नं केली आणि मृत्युपत्रात थोरल्या मुलाला, म्हणजे सॅम्युएलच्या वडिलांना, एडवर्डला डावलून इस्टेट चौथ्या बायकोच्या मुलांना दिली. एडवर्डच्या पोरांना मग विणकाम शिकावं लागलं आणि समुद्र ओलांडावा लागला. बाबा म्हणाले, "वाटणी नीट झाली असती तर हे अमेरिकेत आलेच नसते, लिहून ठेव."

जाता जाता अजून एक. सप्टेंबर १८४८ मध्ये लिंकन निवडणुकीच्या प्रचाराला मॅसॅच्युसेट्समध्ये आला होता, बोस्टनला, डेढमला भाषणं केली आणि वूस्टरला माजी गव्हर्नर लेव्ही लिंकन यांच्या घरी जेवायला गेला. ते दोघेही या सॅम्युएलचेच वंशज! एका टेबलावर बसले, आपण एकाच कुळातले असू अशी आशा बोलून दाखवली, पण खात्रीने सांगायला दोघांकडे कागद नव्हता. पुढे १८५९ मध्ये स्वतःची माहिती लिहून देताना लिंकनने परत तेच लिहिलं, न्यू इंग्लंडच्या लिंकन घराण्याशी संबंध जोडायचा प्रयत्न झाला पण दोन्हीकडे मॉर्डेकाय, लेव्ही, सॉलोमन, अब्राहम अशी नावं येतात यापलीकडे हाती काही लागलं नाही. म्हणजे धागा बरोबर पकडला होता हो त्याने! घराण्यात फिरून फिरून येणारी नावं हाच तर पुरावा होता, पुढे संशोधकांनी मृत्युपत्रं आणि जमिनीच्या नोंदी जुळवून साखळी पूर्ण केली, पण तोवर तो गेला होता.

रविवार, बर्क्स काउंटी

आज पूर्ण दिवस पाऊस. सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय लोहार झाला आणि त्याचा मुलगा, तोही मॉर्डेकायच, आधी न्यूजर्सीत मॉनमथ काउंटीत आला, म्हणजे आमच्या घरापासून तासाभरावर. मग पेनसिल्व्हेनियात लोखंडाच्या भट्टीच्या धंद्यात पैसे घातले आणि शेवटी रेडिंगजवळ एक्सेटरला जमीन घेतली. १७३३ मध्ये बांधलेलं त्याचं दगडी घर अजून उभं आहे. आम्ही छत्र्या घेऊन रस्त्यावरूनच बघितलं.

जवळच डॅनियल बून जन्मला ते ठिकाण आहे, बून म्हणजे केंटकीचा रस्ता उघडणारा माणूस. बून आणि लिंकन शेजारी, इतके की पुढे मॉर्डेकायच्या एका मुलाने बून घराण्यातली ॲन करून घेतली. लिंकन लोक पुढे व्हर्जिनिया आणि केंटकीला का गेले ते इथे आल्यावर कळतं. शेजारी आधी गेले, जमीन स्वस्त आहे असा निरोप आला, मग हे निघाले.

सोमवार, लिनव्हिल क्रीक

आजचा रस्ता फार सुंदर, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये शेनान्डोआ खोरं. फिलाडेल्फियाकडून लोक बैलगाड्या-घोडागाड्या घेऊन याच खोऱ्यातून दक्षिणेला सरकायचे, आता तिथून हायवे एक्याऐंशी जातो. मॉर्डेकायचा मुलगा जॉन १७६८ मध्ये आला आणि नाव पडलं व्हर्जिनिया जॉन. हॅरिसनबर्गच्या उत्तरेला लिंकन होमस्टेड म्हणून विटांचं घर आहे, ते जॉनचा मुलगा जेकब याने साधारण १८०० च्या सुमारास बांधलं. शेजारी टेकाडावर घराण्याची दफनभूमी, व्हर्जिनिया जॉन तिथेच आहे.

आणि तिथेच दोन गुलामांच्याही कबरी आहेत. व्हर्जिनियात मागे राहिलेली ही लिंकन शाखा गुलाम बाळगून होती. गुलामगिरी मोडणाऱ्या माणसाच्या सख्ख्या चुलत घरात गुलाम होते हे मी वाचलं होतं, पण त्या गवतात उभं राहिल्यावर मला खूप अस्वस्थ झालं, मी बराच वेळ काही बोलले नाही. एका भावाची शाखा इथे चांगल्या जमिनीवर राहिली आणि या समाजासारखी झाली, दुसरा भाऊ, म्हणजे लिंकनचा आजोबा अब्राहम, केंटकीला गेला आणि त्याचा नातू गरिबीत वाढला. तो भाऊ इथेच राहिला असता तर नातू कसा निघाला असता कोण जाणे. १८४८ मध्येच लिंकनने या जेकबच्या मुलाला, डेव्हिडला, पत्र लिहून घराण्याची माहिती विचारली होती, अगदी आदराने, काका-पुतण्याने लिहावं तसं.

मंगळवार, कंबरलँड गॅप

दिवसभर गाडीच. बूनने १७७५ मध्ये वाट पाडली ती या खिंडीतून, वरून तीन राज्यं दिसतात. आजोबा अब्राहम, ज्याला कॅप्टन अब्राहम म्हणतात, १७८२ च्या सुमारास बायकापोरं घेऊन केंटकीला गेला तेव्हा थॉमस चार-एक वर्षांचा असेल. नवरा म्हणाला आपल्याला एसी गाडीत कंटाळा आला, त्यांचं काय झालं असेल. मुक्काम खिंडीच्या पायथ्याशी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवली.

बुधवार, लाँग रन आणि स्प्रिंगफील्ड

माझ्या दृष्टीने ट्रिपमधला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. लुइव्हिलच्या पूर्वेला लाँग रन नावाचा ओढा आहे, तिथे कॅप्टन अब्राहमची जमीन होती, आणि तिच्या कागदावर नाव आहे अब्राहम लिंकहॉर्न. आता तिथे जुनी दफनभूमी आहे आणि त्याची कबर तिथेच असावी असं मानतात.

मे १७८६. तो तिन्ही मुलांना घेऊन शेतात काम करत होता. रानातून गोळी आली आणि तो जागेवर गेला. मधला जोसाया मदत आणायला गढीकडे पळाला, थोरला मॉर्डेकाय घरात बंदूक घ्यायला धावला, आणि धाकटा थॉमस बापाच्या प्रेताजवळ राहिला. हल्ला करणारा इंडियन (म्हणजे तिथला मूळ रहिवासी) त्या पोराकडे येत होता तेवढ्यात मॉर्डेकायने घरातून त्याच्या छातीवरच्या चांदीच्या दागिन्यावर नेम धरला आणि पाडला. (शॉनी वगैरे लोकांची शिकारीची जमीन होती ती, आणि हे लोक तिथे घुसलेले होते, ही बाजू तिथल्या पाटीवाचून पण आपण लक्षात ठेवायला पाहिजे.) लिंकनने एका नातेवाइकाला लिहिलंय की लहानपणी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत ही गोष्ट त्याच्या मनावर सर्वांत खोल कोरली गेली.

आता बाबांनी जे सांगितलं ते नीट वाचा. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता आणि तिथे कायदा असा की मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला. व्हर्जिनियाने १७८५ मध्ये हा कायदा रद्द केला होता, पण नवीन कायदा लागू होणार होता १ जानेवारी १७८७ पासून! मधल्या त्या काही महिन्यांत कॅप्टन गेला. त्याच्या नावावर पाच हजार एकरांहून जास्त जमीन होती. सगळी मॉर्डेकायला. थॉमसला काही नाही. तो पोरका मुलगा लोकांच्या शेतावर मजुरी करत मोठा झाला, शाळा नाही, पुढे आयुष्यभर कशीबशी स्वतःची सही तेवढी करायचा असं त्याच्या मुलानेच लिहून ठेवलंय.

आणि घराण्याची आठवण तुटली ती इथेच. पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, हे सगळं सांगणारा माणूस त्या शेतात पडला, आणि ज्याने पुढे लिंकनला सांगायचं तो सात-आठ वर्षांचा पोर होता. त्याला आठवली ती बंदूक आणि बापाचं प्रेत, पणजोबांचं नाव कुठून आठवणार? बाबा तिथे उभे राहून म्हणाले, "कुलवृत्तांतात असं पान प्रत्येक घराण्यात असतं बघ. बाप लवकर गेला की मागचं सगळं गेलं." आमच्याही घराण्यात एका पिढीत प्लेगने हेच केलंय, त्यामुळे त्यांचा आवाज थोडा भरून आला होता.

दुपारी स्प्रिंगफील्डला गेलो, म्हणजे इलिनॉयचं नाही, केंटकीचं. थॉमस आणि नॅन्सी हँक्सचं लग्न १२ जून १८०६ ला याच वॉशिंग्टन काउंटीत झालं. लिंकनला वाटायचं ते हार्डिन काउंटीत झालं असेल, तिथे शोधलं तर नोंद मिळेना, आणि मग विरोधकांनी आईबापांचं लग्नच झालं नव्हतं इथपर्यंत घाण उडवली. नोंद इथल्या कोर्टाच्या दप्तरात व्यवस्थित पडून होती, थॉमसच्या सहीसकट, ती वर आली तोवर लिंकनला जाऊन तेरा वर्षं झाली होती. एक कागद चुकीच्या तालुक्यात शोधला म्हणून एवढं ऐकून घ्यावं लागलं त्या माणसाला, मला अजून वाईट वाटतंय. १८१६ ची कोर्टाची इमारत अजून आहे, बाबांनी भिंतीला हात लावून बघितला.

गुरुवार, हॉजेनव्हिल आणि इंडियाना

सकाळी जन्मस्थान. टेकडीवर ग्रॅनाइटचं देवळासारखं स्मारक, ५६ पायऱ्या, त्याच्या आयुष्याच्या ५६ वर्षांच्या. आत एक लाकडी खोपट आहे पण ते खरं नाही, लाकडाच्या वर्तुळांवरून तपासलं तर ओंडके १८४० नंतरचे निघाले. मला खालचा झराच जास्त आवडला, सिंकिंग स्प्रिंग, त्या झऱ्याचं पाणी हे लोक प्यायले हे तरी नक्की.

परत जमीन. केंटकीत मोजणी म्हणजे या ओकपासून त्या ओढ्याच्या वळणापर्यंत, एकाच जमिनीवर तीन-तीन लोकांचे हक्क. थॉमसने एकामागून एक शेतं घेतली आणि प्रत्येक ठिकाणी कागद सदोष निघाला. १८१६ च्या डिसेंबरात तो सगळं सोडून इंडियानाला गेला, तिथे सरकारने चौकोनी तुकडे पाडून मोजणी केली होती, सातबारा स्वच्छ. गुलामगिरीही नव्हती तिथे, लिंकनने दोन्ही कारणं दिली आहेत पण जमिनीचं मुख्य म्हटलंय. संध्याकाळी लिंकन सिटीला पोचलो. नॅन्सी इथे ५ ऑक्टोबर १८१८ ला गेली, विषारी झुडूप खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन होणाऱ्या आजाराने. लिंकन नऊ वर्षांचा. आईकडच्या आठवणी सांगणारं माणूसही गेलं.

शुक्रवार, शायलो आणि स्प्रिंगफील्ड

इलिनॉयमध्ये कोल्स काउंटीत शायलो दफनभूमी आहे, मक्याच्या शेतांमध्ये. थॉमस आणि सावत्र आई सारा बुश तिथे आहेत.

लिंकनचं वडिलांशी फारसं जमायचं नाही. जानेवारी १८५१ मध्ये थॉमस शेवटच्या आजारात होता, लिंकन गेला नाही, सावत्र भावाला लिहिलं की आता भेटलो तर आनंदापेक्षा दुःखच जास्त होईल. अंत्यविधीलाही गेला नाही. ज्याने तीन वर्षांपूर्वी अनोळखी लिंकन मंडळींना पत्रं लिहून पणजोबांची चौकशी केली, तो दोन दिवसांच्या वाटेवरच्या बापाकडे गेला नाही. मी लिंकनला फार मानते, पण याबाबतीत मी थॉमसच्या बाजूने आहे. त्या माणसाला वारसा म्हणून जमीन नाही, शाळा नाही, फक्त एक भयंकर गोष्ट मिळाली होती आणि ती त्याने मुलाला नीट सांगितली. १८६१ मध्ये वॉशिंग्टनला जायच्या आधी लिंकन या कबरीवर येऊन गेला, तेव्हा तिच्यावर दगडसुद्धा नव्हता.

बाबांना हे फारसं पटलं नाही, त्यांच्या मते गरिबीत वाढलेली मुलं बापावर चिडतातच, त्यात कोणाची बाजू घ्यायची नाही. स्प्रिंगफील्ड येईपर्यंत आमचा यावर वाद चालला होता.

स्प्रिंगफील्डच्या समाधीत लिंकन, मेरी आणि तीन मुलं आहेत, एडी, विली, टॅड. थोरला रॉबर्ट आर्लिंग्टनला. रॉबर्टचा एकुलता एक मुलगा, त्याचंही नाव अब्राहम, १८९० मध्ये सोळा वर्षांचा असताना लंडनमध्ये गेला, त्यामुळे १९२६ मध्ये रॉबर्ट गेल्यावर या शाखेत लिंकन आडनाव लावणारा पुरुष उरला नाही, आणि १९८५ मध्ये लिंकनचा शेवटचा पणतूही गेला. पण सॅम्युएलला बाकीचीही मुलं होती, लेव्हींची शाखा त्यातलीच. रात्री हॉटेलवर बाबांनी त्यांच्या वहीत सॅम्युएल, मॉर्डेकाय, मॉर्डेकाय, जॉन, अब्राहम, थॉमस, अब्राहम अशी उतरंड काढली, प्रत्येक नावापुढे गाव आणि ते गाव का सोडलं त्याचं कारण लिहिलं, आणि सातपैकी चार रकान्यांत जमीन हा एकच शब्द आला.